पामीर कशाने बुडालं? लुबेकच्या चर्चमधल्या होडीमागचं प्रकरण

उत्तर जर्मनीतल्या लुबेक शहरात सेंट याकोबी नावाचं विटांचं जुनं चर्च आहे. १३३४ साली त्याचा अभिषेक झाला. तेव्हापासून ते दर्यावर्दींचं आणि मच्छीमारांचं चर्च म्हणून ओळखलं जातं. समोरच्या बाजूला तांडेल-कप्तानांच्या संघाचं सोळाव्या शतकातलं घर आजही उभं आहे. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात लुबेकची बरीचशी जुनी वस्ती जळाली, हे चर्च मात्र शाबूत राहिलं. त्याच्या मनोऱ्याखाली, उत्तरेकडच्या बाजूला, एक छोटं प्रार्थनास्थान आहे आणि त्यात मूर्ती किंवा थडगं नाही, एक होडी ठेवलेली आहे. ती मोडकी आहे, फळ्या फुटलेल्या आहेत. कुणी तिला रंग देऊन नीटनेटकी करायच्या भानगडीत पडलेलं नाही, आणि हे फार शहाणपणाचं झालं.

होडी 'पामीर' या चार डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाची. २१ सप्टेंबर १९५७ रोजी हे जहाज अटलांटिकमध्ये बुडालं. जहाजावर ८६ जण होते, त्यांतले ८० गेले. निम्म्याहून जास्त जण शिकाऊ पोरं होती, बरीचशी सोळा ते अठरा वर्षांची.

मालवाहू जहाजांवर नोकरी केलेल्या आणि आता मुंबईत कॅडेटांना जहाजाचा तोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे प्रकरण दरवर्षी वर्गात उघडावं लागतं. पोरं पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वादळ असतं, फाटलेली शिडं, डोंगराएवढ्या लाटा. मी त्यांना सांगतो, वादळ बाजूला ठेवा. पामीरचं प्रकरण अटलांटिकमध्ये सुरू होत नाही. ते सहा आठवडे आधी ब्युनोस आयरिसच्या धक्क्यावर सुरू होतं.

पण त्याआधी जहाजाचं पूर्वायुष्य थोडं सांगायला हवं, नाहीतर १९५७ साली शिडाचं जहाज धान्य वाहत होतं हेच विचित्र वाटेल.

पामीर हँबुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधलं गेलं आणि १९०५ साली पाण्यात उतरलं. पोलादी सांगाडा, लांबी सुमारे ११४ मीटर. मालक एफ. लाइस ही हँबुर्गची कंपनी. या घराण्याच्या जहाजांची नावं 'प' वरून सुरू होत: पामीर, पासाट, पेकिंग, पाडुआ, पॉमर्न, प्रॉयसेन. मूळ कारण घरगुती आहे. लाइसांच्या एका सुनेचे केस कुरळे, म्हणून घरात तिला 'पूडल' म्हणत, तेच नाव एका जहाजाला दिलं गेलं आणि पुढे प्रथाच पडली. ही जहाजं चिलीहून सोरा आणायची. सोरा म्हणजे युरोपच्या शेतांचं खत आणि युरोपच्या तोफांची दारू, दोन्ही. त्यासाठी केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालावा लागे, आणि तिथल्या वाऱ्यांना पुरून उरतील अशीच ती बांधलेली होती. 'पामीर कमकुवत होतं म्हणून बुडालं' असं कुणी म्हणालं, तर त्याला हा इतिहास आधी ऐकवावा.

पहिल्या महायुद्धानंतर ते भरपाई म्हणून इटलीला गेलं, लाइसने परत विकत घेतलं, १९३१ मध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या गुस्ताफ एरिक्सन या जहाजमालकाला विकलं. एरिक्सन ऑस्ट्रेलियाहून गहू आणत असे. दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडने ते वेलिंग्टनला जप्त केलं आणि आपल्या निशाणाखाली चालवलं. १९४९ साली, पुन्हा एरिक्सन कंपनीकडे आल्यावर, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट व्हिक्टोरियाहून गहू घेऊन येताना पामीरने केप हॉर्न ओलांडलं. मालवाहू शिडाच्या जहाजाने केप हॉर्नला घातलेला तो शेवटचा वळसा.

दोन वर्षांनी ते भंगारात निघालं होतं. बेल्जियमच्या भंगारवाल्यांकडून लुबेकच्या हाइन्त्स श्लीवेन या जहाजमालकाने पामीर आणि त्याचं भावंड पासाट सोडवून आणलं, मदतीला इंजिन बसवलं, बिनतारी यंत्रणा घातली आणि शिकाऊ खलाशांचं जहाज म्हणून चालवायला घेतलं. त्याचं दिवाळं निघाल्यावर सुमारे ४० जर्मन जहाज कंपन्यांनी मिळून एक न्यास केला आणि दोन्ही जहाजं हाती घेतली. कल्पना अशी की पोरं शिडावर तयार होतील आणि जहाज माल वाहून आपला खर्च काढील.

या कल्पनेपाशी मला दरवेळी थांबावंसं वाटतं. शाळेने आपला पगार आपणच कमवावा, असा हा हिशेब होता. जहाज पन्नाशीच्या पुढचं. दुरुस्तीला पैसा लागतो, तो भाड्यातून यायचा, आणि भाडं धान्याचं. माल जितका जास्त तितकं बरं. यात कुणी दुष्ट नव्हतं, पण प्रत्येक निर्णयावर हा हिशेब बसलेला होता.

१९५७ च्या फेरीला नेहमीचे कप्तान हेर्मान एगर्स आजारी होते. बदली म्हणून योहानेस डीबिच आले. वय ६१, तरुणपणी पामीरवरच खलाशी म्हणून काम केलेलं, दर्या पाहिलेला माणूस. पण पामीरचा कप्तान म्हणून ही त्यांची पहिलीच फेरी.

ब्युनोस आयरिसला भरायचा होता सातू, म्हणजे बार्ली. सुमारे ३,८०० टन. गोदी कामगारांचा संप चालू होता, त्यामुळे धान्य होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, पसरवून कोपऱ्याकोपऱ्यांत दाबून बसवायचं काम सैनिकांनी आणि जहाजावरच्याच माणसांनी केलं. हे काम दिसायला हमालीचं, पण त्यातही मुरलेले हात लागतात. ज्याने बापजन्मी कणगी भरली नाही त्याला धान्य कुठे पोकळ बसलंय ते कळत नाही. बहुतेक सगळा सातू सुटा ओतलेला होता, वर थोड्या पोत्यांची थप्पी. एके काळी हेच जहाज ऑस्ट्रेलियाहून गहू आणायचं तेव्हा पोत्यांत आणायचं. पोती भरायला वेळ आणि मजुरी लागते, सुटं धान्य नळाने ओततात.

आणखी एक गोष्ट झाली. जहाजाच्या तळाशी नीरम म्हणून पाणी भरायची मोठी टाकी होती. तळाला वजन राहिलं की जहाज कललं तरी परत उभं राहतं. त्या टाकीतही सातू भरला.

१० ऑगस्टला पामीर निघालं, हँबुर्गच्या वाटेने.

आता वर्गातला डबा. मी घरून एक चौकोनी स्टीलचा डबा नेतो, तीन चतुर्थांश धान्याने भरलेला. सातू मिळाला तर सातू, नाहीतर ज्वारी चालते. एका मुलाला सांगतो, हळूहळू कलव. दहा अंश, काही होत नाही. पंधरा, वरचे चार दाणे घरंगळतात. पोरं म्हणतात, सर, बसलंय की व्यवस्थित. वीसच्या पुढे कुठेतरी, आणि तो आकडा दरवेळी वेगळा येतो, वरचा सगळा थर एकदम सरकतो. आवाज होतो, पावसासारखा. मग सांगतो, आता डबा सरळ कर. डबा सरळ होतो, धान्य होत नाही. ते एका भिंतीला टेकून उतारासारखं तसंच राहतं. पाण्याचा डबा सरळ केला तर पाणी परत सपाट होतं. धान्य वाहताना पाण्यासारखं वाहतं आणि थांबताना दगडासारखं थांबतं, सगळी गोम इथे आहे. लाटेने कललेलं जहाज परत उभं राहायला बघतं, पण पोटातलं शेकडो टन वजन एका कुशीला जाऊन बसलेलं असतं. पुढची लाट त्याला आणखी थोडं त्याच बाजूला ढकलते, आणखी थोडं धान्य तिकडे जातं.

एखादी पोर विचारतेच: सर, डबा गच्च भरला तर? बरोबर. गच्च भरलेल्या डब्यात सरकायला जागाच नाही. पण धान्य भरून डबा रोज हलवत राहिलात तर चाळीस दिवसांनी तो गच्च राहत नाही. दाणे एकमेकांत बसत जातात, वर पोकळी तयार होते. घरी गव्हाची कोठी काठोकाठ भरली आणि चार दिवसांनी झाकण उघडलं की चार बोटं खाली गेलेली दिसते, तेच. पामीर ब्युनोस आयरिसहून निघून त्या दिवशी ४२ दिवस झाले होते.

सातूचा आणखी एक अवगुण म्हणजे तो गव्हापेक्षा हलका. तेवढंच वजन भरायला जास्त जागा खातो, म्हणजे होल्डमध्ये जास्त उंचीपर्यंत चढतो, म्हणजे जहाजाचा भार वर जातो. अशा वेळी तळाच्या टाकीत पाणी असणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. टाकीत सातू होता. ऐनवेळी तिथे पाणी घ्यायचं म्हटलं तरी जागा उरलेली नव्हती.

वादळाचं नाव कॅरी. सप्टेंबरच्या सुरुवातीला केप व्हर्द बेटांच्या बाजूला जन्मलेलं आणि असामान्य काळ टिकलेलं चक्रीवादळ. ते आधी पश्चिमेकडे गेलं, मग वळलं आणि पोर्तुगालच्या अझोर्स बेटांच्या दिशेने परत निघालं. पामीर त्याच्या वाटेत होतं. वादळाचे इशारे त्या काळीही बिनतारी यंत्रावरून दिले जात. पामीरवर ते वेळेत पोचले का, पोचले तर कप्तानाने त्यांचं काय केलं, याचं उत्तर देऊ शकेल असा कुणीही जिवंत राहिला नाही. बिनतारीवाल्या अधिकाऱ्याकडे इतरही कामं होती, त्यामुळे यंत्र सतत ऐकलं जात नसावं असा एक तर्क आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो. कमी माणसांत चालणाऱ्या जहाजावर एका माणसाच्या गळ्यात तीन कामं पडतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

२१ सप्टेंबरच्या सकाळी वारा वाढत गेला. शिडं वेळेवर पुरेशी उतरवली गेली नव्हती. काही वाऱ्याने फाडून नेली, काही पोरांनी चाकूंनी कापून मोकळी केली. जहाज डावीकडे कलू लागलं आणि कललेलंच राहिलं. डबा आठवा. दुपारच्या आत मदतीची हाक गेली. शिडं गेली आहेत, कल ३५ अंशांच्या पुढे गेला आहे, जवळच्या जहाजांनी उत्तर द्यावं, अशा अर्थाचे संदेश होते. जवळ म्हणावं असं कुणीच नव्हतं. अझोर्सच्या नैर्ऋत्येला सुमारे ६०० सागरी मैलांवर, मध्य अटलांटिकात, त्या हवेत.

दुपारी एकच्या सुमारास पामीर उलटलं. काही वेळ तळ वर करून तरंगलं, मग गेलं.

इतक्या कलात होड्या रीतसर खाली सोडता येत नाहीत. एका बाजूच्या होड्या पाण्याला टेकलेल्या असतात, दुसऱ्या बाजूच्या आकाशाकडे तोंड करून लोंबतात. जी पोरं होड्यांपर्यंत पोचली ती जहाजापासून आपोआप तुटून निघालेल्या, फुटक्या होड्यांपर्यंत पोचली. होड्या पाण्याने भरलेल्या, अन्नपाणी वाहून गेलेलं, इशाऱ्याचे बाण निकामी. कमरेपर्यंत पाण्यात बसून राहायचं. पहिल्या रात्रीपासून एकेक जण जायला लागला. थंडी, तहान, भ्रम. काहींना किनारा दिसू लागला आणि ते होडीतून उतरून चालत निघाले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. आपल्याकडच्या जुन्या मच्छीमारांकडूनही मी हेच ऐकलेलं आहे, समुद्रात फार वेळ राहिलेल्या माणसाला शेवटी घर दिसतं.

शोध मोठा झाला. अमेरिकी तटरक्षक दलाच्या 'ॲबसेकन' या जहाजाकडे सूत्रं होती, अनेक देशांची जहाजं आणि विमानं नऊ दिवस तो टापू पिंजत होती. 'सॅक्सन' या अमेरिकी मालवाहू जहाजाला २३ तारखेला एक होडी सापडली, तीत पाच जण जिवंत होते. दुसऱ्या दिवशी ॲबसेकनला दुसरी होडी सापडली. पाण्याने भरलेल्या त्या होडीत सुरुवातीला वीसेक जण होते. आता एक होता.

सहा. चार खलाशी, दोन शिकाऊ. त्यांत कप्तान नाही, एकही अधिकारी नाही. त्यांच्यातला एक तर भटारखान्यात पाव भाजणारा. म्हणजे जहाज कसं चालवलं गेलं, काय ठरलं, कुणी ठरवलं, हे माहीत असलेला एकही माणूस नाही. हा मुद्दा मी मुलांकडून वहीत लिहून घेतो.

कारण पुढची चौकशी याच पायावर उभी राहिली. जर्मनीत सागरी अपघातांसाठी 'झेआम्ट' नावाचं चौकशी मंडळ असे. लुबेकच्या मंडळापुढे जानेवारी १९५८ मध्ये सुनावणी झाली आणि त्याच महिन्यात निकाल आला. निकालाचा गाभा असा: सुटं धान्य सरकलं, ते नीट बसवलेलं नव्हतं, तळाच्या टाकीत पाण्याऐवजी धान्य होतं, शिडं हवेच्या मानाने जास्त होती, डेकवरच्या खोल्यांची दारं-झडपं पुरती बंद नव्हती, त्यामुळे कललेल्या बाजूने पाणी आत शिरलं. कप्तानाच्या चुका नोंदवल्या गेल्या. या निष्कर्षाशी सगळे सहमत झाले नाहीत. धान्य सरकलं खरं, पण जुन्या सांगाड्यातून आधीच पाणी आत येत असलं पाहिजे, असं मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत. सांगाडा अटलांटिकच्या तळाशी असल्यामुळे या वादाला शेवट नाही.

माझं मत विचाराल तर निकाल तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि माणसाच्या बाजूने थोडा आखूड आहे. शिडं उशिरा उतरवली, दारं उघडी राहिली, हे डीबिच यांच्याकडे जातं, मान्य. पण संपाच्या दिवसांत अननुभवी हातांनी भरलेलं धान्य, पोत्यांऐवजी सुटं, टाकीतही धान्य, कप्तान ऐनवेळी बदललेला, जहाज चालवायला कायम पैशाची ओढ, या सगळ्याला 'कप्तानाची चूक' या दोन शब्दांत कोंबता येत नाही. कप्तान ती टाकी रिकामी ठेवायला सांगू शकला असता का? सांगू शकला असता. मग तेवढा सातू धक्क्यावर राहिला असता, तेवढं भाडं बुडालं असतं, आणि पहिल्याच फेरीवर आलेल्या बदली कप्तानाला हँबुर्गला गेल्यावर त्याचा जाब द्यावा लागला असता. कुणी त्याला तसा दम दिला होता असं मी म्हणत नाही. दम द्यावा लागतच नाही. माल कमी घेतला की काय होतं, हे प्रत्येक कप्तानाला कुणी न सांगता माहीत असतं. शिवाय मेलेला माणूस जाब देत नाही, म्हणून सगळं त्याच्या नावावर टाकणं सोपं जातं. आपल्याकडच्या अपघातांतही 'चालकाचा ताबा सुटला' हे वाक्य असंच कामाला येतं.

आणि हे नुसतं तर्काचं बोलणं नाही, कारण पासाट. पामीरचं भावंड, तोच मालक न्यास, तेच बंदर, तोच सातू. पामीर बुडाल्यावर काही आठवड्यांनीच पासाटही वादळात सापडलं, त्याचाही सातू सरकला, तेही कललं. कप्तान वेगळा होता. पासाट कसंबसं लिस्बनला पोचलं. तिथून घरी आलं आणि धान्य वाहायचं बंद झालं ते कायमचं. एकच अपघात दोन कप्तानांच्या हातून दोन महिन्यांत होऊ घातला, तर दोष कप्तानाच्या खोलीत शोधायचा की त्याच्याही वर? हा प्रश्न मी परीक्षेत घालतो. उत्तरं दोन्ही बाजूंनी येतात, आणि मी दोन्हींना गुण देतो, कारण नीट मांडलं असेल तर दोन्हींत तथ्य आहे.

मराठी मुलांना हे प्रकरण लांबचं वाटू नये म्हणून मी एकदा 'रामदास'चं नाव काढलं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आगबोट, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. लाटेने बोट एका अंगाला झुकली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट परत उठली नाही, असं वाचलेल्यांच्या तोंडून आलेलं आहे. वर्गात अलिबागकडची एक मुलगी होती. ती म्हणाली, म्हणजे सर, तिथे माणसंच सातू झाली. मला हे सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी तिचं वाक्य तिचं म्हणूनच सांगतो.

नियम नंतर बदलत गेले, पामीर हे त्यामागचं एकमेव कारण नव्हे. सुटं धान्य वाहणाऱ्या जहाजांसाठी आता आंतरराष्ट्रीय धान्यसंहिता आहे, १ जानेवारी १९९४ पासून बंधनकारक. तिचा विचार मला आवडतो: धान्य सरकणार नाही असं ती धरूनच चालत नाही. सरकणार असंच धरायचं, किती सरकेल त्याचं गणित मांडायचं, आणि तेवढं सरकल्यावरही जहाजाचा कल १२ अंशांच्या आत राहतो हे बंदर सोडण्याआधी कागदावर दाखवायचं. दाखवता आलं नाही तर माल कमी घ्या, पोत्यांची थप्पी लावा, मधे फळ्यांची भिंत घाला, काय हवं ते करा. म्हणजे ब्युनोस आयरिसच्या कप्तानाला जे एकट्याने मालकांपुढे म्हणावं लागलं असतं, ते आता संहिता म्हणते. कप्तानाच्या पाठीशी कागद उभा राहिला.

शिडाच्या जहाजांवरचं शिक्षणही बंद पडलं नाही, फक्त माल सुटला. पश्चिम जर्मन नौदलाचं 'गॉर्ख फॉक' हे नवं प्रशिक्षण-जहाज १९५८ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात उतरलं, आणि तेही ब्लोम उंड फॉसच्याच गोदीतून. पामीरचं प्रकरण ताजं असल्यामुळे या नव्या जहाजाच्या तोलाची फार बारकाईने तपासणी झाली. आपल्या गोवा शिपयार्डने बांधलेलं 'आयएनएस तरंगिणी' १९९७ पासून नौदलाच्या कॅडेटांना दोर ओढायला आणि शिडावर चढायला शिकवतंय. त्याच्या पोटात विकायला नेलेलं धान्य नसतं. शाळेचा खर्च सरकार भरतं, शाळा कमवत नाही.

आता पुन्हा त्या होडीकडे. पामीरच्या ऐंशी जणांपैकी बहुतेकांचे देह मिळाले नाहीत. जर्मनीत त्यांच्या घरच्यांना दफन करायला काही नव्हतं. आपल्याकडे देह मिळाला नाही तर पालाशविधी करतात, पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देतात, कारण निरोप द्यायला समोर काहीतरी लागतं. डोळे कशावर तरी टेकावे लागतात. सेंट याकोबीतली होडी त्या घरांसाठी हेच काम करते, असं मला वाटतं. पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २००७ साली, ते प्रार्थनास्थान जर्मनीच्या नागरी जहाजवाहतुकीतल्या मृतांचं राष्ट्रीय स्मारक ठरलं. नागरी हा शब्द महत्त्वाचा. युद्धात बुडालेल्यांची स्मारकं जर्मनीत आणि इतरत्र पुष्कळ आहेत, भव्य आहेत. कामावर बुडालेल्या खलाशाची, भंडाऱ्याची, सोळा वर्षांच्या शिकाऊची फार थोडी.

स्मारक करायचं तर शिडं फुगलेल्या पामीरची ऐटदार प्रतिकृती ठेवता आली असती, जहाज होतंच तितकं देखणं. शिडाच्या जहाजांच्या वेडाने पछाडलेल्या माणसांना तीच आवडली असती, त्यांत मीही आलो. तिथे ठेवली आहे ती मात्र जहाजाची सगळ्यात लहान वस्तू, आणि तीसुद्धा मोडलेली. ती पाहून शिडांची, केप हॉर्नची, वेगाची आठवण येत नाही. तिच्यात किती माणसं दाटीने बसली असतील, पाणी कुठपर्यंत आलं असेल, एवढंच मनात येतं.

पासाट आज लुबेकच्याच बंदरात आहे, शहराबाहेर समुद्रकाठी ट्राफेम्युंडेला, धक्क्याला बांधलेलं. १९५९ साली शहराने ते विकत घेतलं. चर्चपासून तिथे जायला अर्धा-पाऊण तास लागतो, दोन्ही एका दिवसात होतात. कुणी जाणार असेल तर मी सांगेन की आधी पासाटवर जा. त्याच्या डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, मान वर करून डोलकाठी बघा. मग याकोबीला येऊन होडी बघा.